राखणदाराला विचारल्याशिवाय आत जाऊ नये

देवगड तालुक्यातल्या एका माध्यमिक शिक्षिकेचा प्रश्न थोडक्यात असा आहे. शाळेत त्यांचा आवाज कधी चढत नाही. सहकारी त्यांना ‘शांत बाई’ म्हणूनच ओळखतात. घरी मात्र संध्याकाळी नऊ वर्षांच्या मुलीचा अभ्यास घेताना एखाद्या क्षुल्लक चुकीवरून असा भडका उडतो की वही फेकली जाते, क्वचित हातही उगारला जातो, आणि मुलगी झोपल्यावर त्या स्वयंपाकघरात बसून तासभर स्वतःला दूषणे देत राहतात. पती म्हणतात, ‘तुझ्या अंगात येतं.’ सासूबाईंच्या मते देवाला कौल लावून पाहावा. मुंबईच्या एका समुपदेशकांनी व्हिडिओवरून दोन सत्रे घेतली, त्यांत ‘तुमच्यातल्या रागावणाऱ्या भागाशी आपण बोलू या’ असे वाक्य आले आणि बाई घाबरल्या. हे दुभंगलेल्या व्यक्तिमत्त्वाचे लक्षण आहे का, तो भाग कायमचा काढून टाकता येईल का, हे काम घरच्या घरी करता येते का आणि या पद्धतीला काही शास्त्रीय आधार आहे का, असे त्यांनी विचारले आहे.

बाई, पत्रावरून निदान करू नये हे गेली 22 वर्षे या किनाऱ्यावर मानसोपचाराचे काम करताना मी शिकले आहे. तरीही पहिल्या प्रश्नाचे उत्तर लांबवून तुमची झोप घालवण्यात अर्थ नाही. तुम्ही लिहिलेल्या मजकुरात दुभंगलेल्या व्यक्तिमत्त्वाचे एकही लक्षण मला दिसत नाही. ज्याला वैद्यकीय भाषेत डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर म्हणतात, त्यात एकाच माणसातल्या दोन किंवा अधिक वेगवेगळ्या ओळखी आलटूनपालटून ताबा घेतात आणि त्यासोबत स्मृतीला भगदाडे पडतात: मधले तास आठवत नाहीत, आपण आणल्याचे मुळीच स्मरत नाही अशा वस्तू घरात सापडतात. तुम्हाला तर वही कोणत्या उदाहरणावरून फेकली तेही आठवते, किंबहुना तेच आठवून तुम्ही रात्री रडता. स्किझोफ्रेनिया हा पुन्हा तिसराच आजार. त्याला मराठीत ‘छिन्नमनस्कता’ हा शब्द रूढ झाला आणि त्या शब्दाने लोकांची बरीच दिशाभूल केली; त्या आजारात एका माणसाची दोन माणसे होत नाहीत, तर विचार, संवेदना आणि वास्तव यांचा मेळ बिघडतो, भास होतात, निराधार संशय पक्के होतात.

समुपदेशकांनी वापरलेला ‘भाग’ हा शब्द यांपैकी कोणत्याच आजारासाठी नाही. तो तुमच्या-माझ्यासारख्या प्रत्येकाच्या मनाच्या नेहमीच्या रचनेसाठी आहे, आणि मराठी माणसाला ही कल्पना परकी वाटण्याचे काही कारण नाही. ‘एक मन म्हणतं बदली घ्यावी, दुसरं मन म्हणतं घर सोडू नये’ असे आपण सहज बोलतो. आपले मन आपल्याला खाते, एखाद्या गोष्टीला ते धजावत नाही, कधी त्याची समजूत घालावी लागते. ही समजूत घालणारा कोण आणि ज्याची समजूत घातली जाते तो कोण, असा प्रश्न बोलताना आपल्याला पडत नाही. या उपचारपद्धतीत तो प्रश्न मुद्दाम विचारला जातो, एवढाच फरक.

पद्धतीचे नाव इंटर्नल फॅमिली सिस्टिम्स, संक्षेपाने आयएफएस. ‘आतले कुटुंब’ असे आपण म्हणू. रिचर्ड श्वार्ट्झ हे अमेरिकन कुटुंबोपचारक 1980च्या दशकात शिकागोमध्ये बुलिमियाच्या, म्हणजे भरमसाट खाऊन मग ओकून टाकण्याच्या विकाराच्या, तरुण रुग्णांवर काम करत होते. कुटुंबातली नाती सुधारली तरी काहींचे खाणे-ओकणे थांबेना, तेव्हा त्यांनी त्या मुलींनाच विचारले की आत नेमके काय घडते. मुली सांगू लागल्या: एक भाग सतत टोचतो, त्या टोचण्याने दुसरा भाग लहान मुलासारखा कोसळतो, आणि ते कोसळणे सहन होत नाही म्हणून तिसरा भाग खाण्यावर तुटून पडतो. श्वार्ट्झ यांना हे ओळखीचे वाटले, कारण भांडणाऱ्या कुटुंबांत त्यांनी हीच साखळी पाहिली होती. कुटुंबासोबत बसताना ते दोघांच्या बोलण्यात तोंड घालणाऱ्या तिसऱ्याला जरा बाजूला बसायला सांगत. तेच त्यांनी आतल्या टीकाकाराला सांगून पाहिले. तो खरोखर बाजूला झाला की त्याच मुलीच्या आवाजात शांतपणा आणि कुतूहल येई, आणि हा कोणता भाग असे विचारल्यावर उत्तर मिळे की हा भाग नाही, ही मीच आहे. 1995 साली त्यांनी ही मांडणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. मनात अनेक जण असतात ही कल्पना त्यांच्या आधीही होती: स्विस मनोविकारतज्ज्ञ युंग यांचे ‘कॉम्प्लेक्स’, म्हणजे मनातले भावनांनी भारलेले गुंते, इटलीचे मनोविकारतज्ज्ञ असाजिओली यांच्या उपव्यक्तिमत्त्वांचा विचार, गेस्टाल्ट उपचारपद्धतीतली रिकामी खुर्ची, जिच्यावर आपलाच एखादा भाग बसला आहे असे समजून त्याच्याशी बोलायचे. श्वार्ट्झ यांचे वेगळेपण मला वाटते ते असे, की त्यांनी या भागांकडे सुटे तुकडे म्हणून न पाहता नात्यांत गुंतलेली माणसे म्हणून पाहिले.

या ‘मीच’ला ते इंग्रजीत ‘सेल्फ’ म्हणतात. त्याचे ‘आत्मा’ असे भाषांतर करून मोकळे होण्याचा मोह मराठीत फार होतो आणि मी तो टाळते, कारण मग बोलणे लगेच अध्यात्माच्या वाटेला लागते आणि मुलीची वही तशीच कोपऱ्यात पडून राहते. मी ‘घरातले कर्ते माणूस’ असा शब्द वापरते. कर्ते माणूस सगळी कामे स्वतः करत नाही, ते सर्वांचे ऐकून घेते आणि त्याच्यासमोर कोणाला ओरडून बोलावे लागत नाही. शांतपणा, कुतूहल, स्पष्टता, करुणा, आत्मविश्वास, धैर्य, सर्जकता आणि जोडलेपणा अशी आठ लक्षणे श्वार्ट्झ यांनी त्याची सांगितली आहेत. व्यवहारात मला त्यांतले एक कुतूहल पुरते. ज्या क्षणी माणूस स्वतःच्या रागाकडे ‘हा असा का वागतो बरे?’ अशा नजरेने पाहू शकतो, त्या क्षणी कर्ते माणूस ओटीवर येऊन बसले आहे असे मी समजते.

कर्ते माणूस घरात नसले की काय होते हे कोकणाला वेगळे सांगायला नको. मनिऑर्डरवर चालणाऱ्या आपल्या घरांत वडील मुंबईला गिरणीत, आई शेतात आणि गोठ्यात, आणि आठ-नऊ वर्षांची थोरली मुलगी भावंडांची आई झालेली, हे चित्र दोन-तीन पिढ्यांनी पाहिले. ती मुलगी कामात चोख होते, तिची जीभ धारदार होते, आणि पन्नाशीतही तिला कोणी ‘जरा बस’ म्हटले की राग येतो. आतल्या कुटुंबातही तसेच घडते: लहानपणी झेपणार नाही असे काही अंगावर आले की काही भाग वयाआधी मोठे होतात आणि न मागितलेली जबाबदारी उचलतात.

अशा जबाबदारी उचललेल्यांत दोन तऱ्हा आहेत. काही भाग दुखणे होऊच नये म्हणून आधीपासून राबतात. त्यांना मी कारभारी म्हणते. नीटनेटकेपणा, सगळ्यांना खूश ठेवणे, आवाज चढू न देणे, चुका होण्याआधीच स्वतःला झापणे ही कारभाऱ्यांची कामे. दुसरे भाग आग लागल्यावर धावतात. त्यांना मूळ पद्धतीतही बंबवाले असेच नाव आहे, कारण बंबवाला पाणी मारताना घरातला पलंग भिजेल की पुस्तके, याचा विचार करत नाही. दारू, भडका, रात्री दोनपर्यंत मोबाइल, भरमसाट खाणे, कधी स्वतःला इजा करून घेणे ही बंबवाल्यांची साधने. आणि हे दोघेही ज्यांच्यापायी एवढे राबतात ते तिसरे: लाज, भीती, टाकून दिल्याची भावना उराशी धरून बसलेले, बहुधा वयाने लहान असलेले भाग. त्यांना इंग्रजीत ‘हद्दपार’ अशा अर्थाचा शब्द आहे. मला आपला ‘वाळीत टाकलेले’ हा शब्द अधिक नेमका वाटतो. वाळीत टाकलेले माणूस गाव सोडून जात नाही, ते गावातच राहते. फक्त त्याच्याशी कोणी बोलत नाही, त्याच्या घरी कोणी जात नाही, आणि ते रडले तरी ऐकू न आल्यासारखे करतात. बाहेरच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्रात 2016चा कायदा आहे. आतल्या बहिष्कारासाठी तसे काही नाही.

आता तुमच्या पत्राकडे येते. तुम्ही भडकणाऱ्या बाईला परकी आणि शाळेतल्या शांत बाईला खरी मानता. मी एवढ्या घाईने हे मान्य करणार नाही. दिवसभर एकदाही आवाज न चढवणे, चाळीस मुलांच्या वर्गात चेहऱ्यावरची रेष न हलू देणे, हे मोठ्या कष्टाचे काम आहे, आणि तुमची शांत बाई हीच कदाचित सर्वांत थकलेली कारभारीण असेल. संध्याकाळी तिची ताकद संपते तेव्हाच भडका उडतो, यात योगायोग मला दिसत नाही. रात्री स्वयंपाकघरात जो आवाज दूषणे देतो तोही एक भागच. तुम्ही त्याला पश्चात्ताप म्हणता, पण पश्चात्तापानंतर माणसाचे वागणे बदलते, तुमचे मात्र दुसऱ्या संध्याकाळी तसेच राहते, उलट रात्रीच्या त्या झोडपण्याने शांत बाई आणखी घट्ट होते आणि पुढचा भडका आणखी मोठा होतो. हे तिघे एकमेकांना पोसत आहेत. त्यांच्यामागे कोण आहे हे मला माहीत नाही. मुलीचे वय नऊ असे तुम्ही लिहिले आहे, स्वतःच्या नवव्या वर्षाबद्दल मात्र काही लिहिलेले नाही, आणि ती जागा मी अंदाजाने भरणार नाही. कोणी समुपदेशक भरू लागला तर त्यालाही भरू देऊ नका.

‘तो भाग काढून टाकता येईल का’ या प्रश्नाला माझे उत्तर नाही असे आहे, आणि काढण्याचा प्रयत्नही करू नये असे पुढे जोडते. या पद्धतीतली सर्वांत महत्त्वाची गोष्ट श्वार्ट्झ एका फजितीतून शिकले आणि ती ते स्वतः सांगत आले आहेत. हाता-पायांवर जखमा करून घेणाऱ्या एका मुलीच्या ‘कापणाऱ्या भागाला’ वठणीवर आणायचे त्यांनी ठरवले आणि तो भाग या आठवड्यात कापणार नाही असे कबूल करेपर्यंत सत्र चालू ठेवले. भाग कबूल झाला. पुढच्या सत्राला मुलगी आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर जखम होती. श्वार्ट्झ यांनी हात टेकले आणि त्या भागाला सांगितले की मी तुला हरवू शकत नाही. तेव्हा तो भागही निवळला आणि आपण हे का करतो ते सांगू लागला. तेव्हापासून त्यांनी भागांशी लढणे सोडले.

आपल्याकडे वाडीला, बागेला, पाण्याच्या जागेला राखणदार असतो. तो खरा की खोटा यात मी पडत नाही. पण त्याला नारळ ठेवून, विचारून मगच हद्दीत पाऊल टाकायचे, ही रीत देवगडच्या माणसाला शिकवावी लागत नाही, आणि आतल्या कामाचा क्रम अगदी हाच आहे. कारभारी आणि बंबवाले हे राखणदार. त्यांच्या संमतीशिवाय वाळीत टाकलेल्यापर्यंत जाता येत नाही, आणि दांडगाईने गेले तर किंमत मोजावी लागते. मी ती एकदा मोजली आहे, किंबहुना माझ्या रुग्णाने मोजली. सुरुवातीच्या काळात एका तरुण मुलीच्या बालपणीच्या आठवणीकडे मी दुसऱ्याच सत्रात थेट वळले. ती खूप रडली, मला वाटले काम झाले. त्यानंतर ती दोन आठवडे आली नाही. आली तेव्हा कळले की त्या रात्रीपासून तिचे जेवण बंद झाले होते. तिच्या राखणदारांना मी ओलांडले होते आणि त्यांनी दार लावून घेतले होते. पुढचे तीन महिने मी त्या राखणदारांची माफी मागण्यातच घालवले असे म्हटले तरी चालेल.

क्रम पाळला तर काय होते, तेही सांगते. माणूस ओळखू येऊ नये म्हणून दोन-तीन हकिगती एकत्र केल्या आहेत. ट्रॉलरवरचा एक तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, दरवर्षी मासेमारी बंद असते त्या काळात, 1 जून ते 31 जुलै, बेसुमार पीत असे. बोट समुद्रात असताना थेंबही नाही. घरच्यांच्या मते रिकामे हात हे कारण. तो आला तो ‘माझ्यातला बेवडा मारून टाका’ असे म्हणतच. आधी मी त्याला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवले, कारण रोज खूप पिणाऱ्याने दारू एकाएकी तोडली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. तिथे गप्पा उपयोगाच्या नाहीत, औषधे लागतात. शरीर सावरल्यावर आम्ही पिणाऱ्या भागाला विचारले की तू थांबलास तर काय होईल अशी तुला भीती आहे. तांडेल बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, ‘मग ऱ्हवात काय? पावसाचो आवाज.’ पावसाच्या एका रात्री त्याच्या डोळ्यांदेखत धाकटा भाऊ गेला होता. बोटीवर असताना इंजिनाच्या आवाजात आणि कामात ती रात्र बुडून जाई, जूनमध्ये घराच्या कौलांवर पाऊस पडू लागला की ती परत येई. पिणारा भाग त्याला त्या आवाजापासून वाचवत होता. हे कळल्यावर त्याला मारून टाकण्याची भाषा आपोआप बंद झाली. पुढे कित्येक सत्रांनंतर, त्या भागाने परवानगी दिल्यावर, तांडेल त्या रात्रीच्या स्वतःजवळ जाऊन बसू शकला, आणि ‘मी त्याला वाचवायला हवे होते’ हे ओझे खाली ठेवू शकला. ओझे खाली ठेवणे ही या पद्धतीतली शेवटची पायरी. माणसे ते समुद्राला देतात, वाऱ्याला देतात, होळीत टाकतात. कसे ते त्या भागाने ठरवायचे असते, मी नाही. दारू पुढच्या पावसाळ्यात शून्यावर आली नाही, पण आवरली. दोन वर्षांनी सुटली.

तुमच्या पतींच्या ‘अंगात येतं’ या शब्दांविषयी थोडे सावधपणे लिहिते. बोलताना हा वाक्प्रचार म्हणून ठीक आहे, आणि एका परीने तो अचूकही आहे: एखादा भाग इतका पुढे येतो की त्या क्षणी आपण तोच होतो, त्याच्या डोळ्यांनी पाहतो. आयएफएसच्या भाषेत याला भागाशी एकजीव होणे म्हणतात. मात्र भाग म्हणजे बाहेरून आलेले काही नव्हे. कोकणात काम करताना ही रेघ मला रोज आखावी लागते, कारण ‘तुमच्यातला एक भाग’ असे म्हटल्यावर समोरच्या घरात तिसऱ्या दिवशी ‘बाईंनी सांगितलं, हिच्यात कोणीतरी आहे’ असे होऊ शकते. जत्रेत, पालखीपुढे, गावाच्या रीतीने कोणाच्या अंगात येणे हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या आजार-वर्गीकरणातही समाजमान्य धार्मिक प्रथेतले संचार आजारातून वगळलेले आहेत. कौल लावण्यालाही माझी हरकत नाही, सासूबाईंचा जीव त्याने शांत होत असेल तर जरूर लावा. उपचाराऐवजी मात्र तो नको, आणि ‘हिच्यातले काढा’ म्हणून कोणाच्या हवाली होणे तर नकोच. एक फरक लक्षात ठेवा. कौल उजवा किंवा डावा मिळतो, त्याच बैठकीत मिळतो. आतल्या भागांना प्रश्न विचारल्यावर उत्तर असे मिळत नाही. ते अर्धवट येते, कधी घशात आवंढा म्हणून, कधी एखादे चित्र म्हणून, कधी नुसत्या जांभया म्हणून. त्याला गाऱ्हाण्याची उपमा अधिक शोभते: आधी सगळे बोलून दाखवायचे, आणि ऐकणाऱ्याने मध्ये तोडायचे नाही.

घरी काय करता येईल? राखणदारांशी ओळख करून घेणे एवढेच, आणि तेही भडक्याच्या वेळी नव्हे, तर शनिवारी दुपारी वगैरे, घरात निजानीज झाल्यावर वीस मिनिटे. गेल्या भडक्याचा शेवटचा अर्धा मिनिट आठवा, वही हातातून सुटण्याआधीचा. शरीरात तो कुठे जाणवतो ते पाहा. जबड्यात, छातीत, तळहातात, जिथे असेल तिथे लक्ष राहू द्या. मग स्वतःला एकच प्रश्न विचारा: या रागावणारीबद्दल मला आत्ता काय वाटते? हा प्रश्न साधा दिसतो, पण सगळे काम त्याच्यावर उभे आहे. ‘तिची लाज वाटते’, ‘ती नको आहे’ असे उत्तर आले तर बोलणारी तुम्ही नाही, रात्री झोडपणारा तो भाग बोलतो आहे. त्याच्याशी भांडू नका. त्याला सांगा की तुझे म्हणणे मी ऐकले, पण मला हिच्याशी जरा बोलायचे आहे, तेवढा वेळ तू बाजूला बसशील का. बसला नाही तर त्या दिवशी त्याच्याशीच बोला. त्यालाही विचारा की तू मला झोडपले नाहीस तर काय होईल असे तुला वाटते. बहुतेकदा पहिले काही दिवस एवढ्यातच जातात आणि माणसे निराश होतात. निराश होण्याचे कारण नाही, कारण तोही राखणदारच आहे. तो बाजूला बसला आणि रागावणारीबद्दल किंचित जरी कुतूहल वाटले, तर तिला विचारा: तू हे काम केव्हापासून करतेस, तुला माझे वय किती वाटते, आणि मुलीचे गणित चुकले तेव्हा तू ओरडली नसतीस तर काय झाले असते? उत्तर रचू नका, वाट पाहा. आले तर वहीत चार ओळी लिहा, तिचे आभार माना आणि उठा. वयाच्या प्रश्नाला मिळणारी उत्तरे ऐकून मी अजूनही चकित होते; चाळिशीच्या बाईचा रागावणारा भाग तिला अकरा वर्षांची समजत असतो आणि म्हणून तिच्या वतीने मोठ्यांशी लढत असतो.

याच्या पुढे घरी जाऊ नका. एखादी लहान मुलगी दिसली, रडू दाटून आले, तर ‘मी तुला पाहिले, मी सोबत कोणाला तरी घेऊन परत येईन’ एवढे म्हणून डोळे उघडा, पाय जमिनीवर टेका, तोंडावर पाणी मारा. हात-पाय बधिर होणे, मधला वेळ न आठवणे, कानांत स्पष्ट आवाज येणे, स्वतःला किंवा मुलीला इजा करण्याचा विचार येणे, यांपैकी काहीही झाले तर हा सराव त्या दिवशीच थांबवा आणि मनोविकारतज्ज्ञांना भेटा. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो, रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि रात्री-अपरात्री टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या क्रमांकावर मराठीत, विनाशुल्क बोलता येते. ज्यांना भास होत आहेत किंवा ज्यांचा उन्माद चढलेला आहे अशांबरोबर मी हे काम करत नाही; आधी आजार औषधाने शांत व्हावा लागतो. तुमच्या बाबतीत मी आणखी एक करीन, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घेईन. मानसोपचारकाने हे सांगणे काहींना विचित्र वाटते, पण चिडचिडीमागे असे साधे कारण निघाल्याचे मी अनेकदा पाहिले आहे.

आधाराबद्दल विचारलेत ते बरे केलेत, कारण या पद्धतीचे सध्या जेवढे कौतुक होते तेवढा पुरावा तिच्यामागे अजून नाही. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात संधिवाताच्या 79 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले होते; एका गटाला नऊ महिने आयएफएस, दुसऱ्याला आजाराविषयी शिक्षण. आयएफएसच्या गटात वेदना, नैराश्य आणि स्वतःविषयीची करुणा यांत फरक दिसला. 2021 साली बालपणीच्या आघातांनंतर पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर दीर्घकाळ छळणारा ताणविकार, झालेल्या 17 प्रौढांवर 16 सत्रांचा एक प्राथमिक अभ्यास आला. बहुतेकांची लक्षणे बरीच कमी झाली, पण तुलनेला दुसरा गटच नव्हता. एवढ्यावर ‘सिद्ध’ हा शब्द मी वापरणार नाही. नैराश्यासाठी किंवा भीतीच्या झटक्यांसाठी सीबीटीमागे, म्हणजे विचार आणि वागणे यांच्या सवयी बदलायला शिकवणाऱ्या उपचारामागे, असलेला पुरावा याहून कितीतरी भक्कम आहे, आणि ओसीडीच्या, म्हणजे नको ते विचार आणि त्याच त्या कृती यांत अडकवणाऱ्या आजाराच्या, रुग्णाला तर मी आधी भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याचा प्रस्थापित उपचारच सुचवते. आणखी एक धोका आहे. कल्पनेत दिसलेले चित्र म्हणजे घडलेली घटना, असे धरून चालणारे उपचारक सगळीकडे आहेत. भागाने दाखवलेले दृश्य भावनेच्या पातळीवर खरे असते. इतिहास म्हणून ते खरे असेलच असे नाही, आणि त्यावरून आई-वडिलांवर आरोप ठेवून घरे मोडू नयेत.

मग मी ही पद्धत का वापरते? स्वतःचा तिरस्कार हाच ज्यांचा मुख्य आजार आहे, त्यांना ‘तुझा विचार चुकीचा आहे’ हे वाक्यही झोडपणाऱ्याच्या हातातली आणखी एक काठी होते, असे मी पाहत आले आहे. अशांना आतल्या टीकाकारालाही सन्मानाने वागवणारी ही रीत मानवते. तुमचे पत्र वाचून तुम्ही त्यांतल्या असाव्यात असे वाटते. तुमच्या समुपदेशकांना पुढच्या सत्रात तीन गोष्टी जरूर विचारा: या पद्धतीचे प्रशिक्षण कोठे आणि किती घेतले, माझा एखादा भाग तयार नसेल तर तुम्ही थांबाल का, आणि सत्रानंतर मी बिघडले तर कोणाला फोन करायचा. दुसऱ्या प्रश्नाला ते चटकन ‘हो’ म्हणाले नाहीत तर दुसरे कोणी शोधा.

मुलीचे मात्र सत्रांसाठी थांबवून ठेवू नका. भागाच्या तोंडून बोलणे आणि भागाविषयी बोलणे यांत फरक आहे, आणि तो मुलांना आपल्यापेक्षा लवकर कळतो. ‘तू चुकलीस म्हणून मला राग आला’ असे नको. ‘काल माझा राग माझ्यापुढे धावला. वही फेकली ते चुकलं. ते तुझ्या गणितामुळे नव्हतं’ असे सांगा, तिच्या शेजारी बसून, तिच्या हातात काहीतरी काम असताना. ‘पुन्हा कधीच रागावणार नाही’ असे वचन देऊ नका, ते मोडेल आणि मोडल्यावर रात्री झोडपणारा तुम्हाला सोडणार नाही. तिने माफ करावे अशी अपेक्षाही ठेवू नका. आणि आंब्याची तोड संपेपर्यंत, जेव्हा पती रात्री उशिरा बागेतून येतात आणि घरात पेट्या भरण्याची गडबड असते असे तुम्ही लिहिले आहे, तेवढे दिवस गृहपाठ संध्याकाळी सातऐवजी सकाळी, शाळेला निघण्याआधी अर्धा तास घ्या. त्या वेळी शांत बाईंची ताकद अजून शिल्लक असते.